ॲव्हरेज किती देते?

गाडी कुठलीही घ्या, आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला. "ॲव्हरेज किती देते?" रंग, किंमत, हप्ता हे सगळं नंतर. २०२१ च्या दिवाळीत मी विजेवरची गाडी (ईव्ही) घेतली तेव्हा सुरुवातीला या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायचो. "युनिटला सात किलोमीटर." समोरचा गप्प. मग दुसरा प्रश्न यायचा, "फुल चार्जला किती जाते?" आणि लगेच तिसरा, "आणि मधेच संपली तर?" हा तिसरा प्रश्न विचारताना लोकांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो ना, त्याला तोड नाही.

परवा आमच्या शाळेच्या ग्रुपवर यावरून जुंपली. एका बाजूला "ईव्ही म्हणजे शुद्ध फसवणूक", दुसऱ्या बाजूला "पेट्रोल जाळणाऱ्यांना लाज वाटली पाहिजे". मी उत्तर टाइप करत बसलो, ते वाढत गेलं, म्हणून इथे टाकतोय. लांब आहे. चहा घेऊन बसा.

आधी हिशोब, कारण त्याशिवाय कुणी पुढे वाचणार नाही. माझी बॅटरी ३० युनिटची. कंपनीच्या कागदावर तीनशे किलोमीटरच्या वर लिहिलंय. पुण्यात मला २०० ते २२० मिळतात. एक्स्प्रेस-वेवर शंभरने हाणली तर १८०. कागदावरचा आकडा आणि रस्त्यावरचा आकडा यांचं नातं पत्रिकेतल्या गुणांसारखं आहे, जुळले तर जुळले. महिन्याला माझं हजार-अकराशे किलोमीटर होतं, म्हणजे चार्जिंगमधली गळती धरून १६०-१७० युनिट. इथे गंमत आहे. घरात आम्ही आधीच अडीचशे युनिट जाळतो. वर हे आले की तीनशेचा स्लॅब ओलांडला जायचा आणि तिथून पुढचं युनिट पंधरा रुपयांच्या वर जायचं. पहिलं बिल बघून बायको म्हणाली, "पेट्रोल इथे भरतोय का आपण?" तरीही जुन्या गाडीच्या पेट्रोलच्या मानाने महिन्याला चारेक हजार वाचत होते. नंतर गाडीसाठी वेगळं मीटर घेतलं. त्याला ईव्ही चार्जिंगचा वेगळा दर लागतो, घरातल्या स्लॅबशी संबंध नाही. ज्यांना शक्य आहे त्यांनी हे आधी करा, गाडी नंतर घ्या.

"ज्यांना शक्य आहे" हे तीन शब्द सोपे नाहीत. मला तर घरी साधा प्लग मिळायलाच सात महिने लागले.

सोसायटीच्या वार्षिक सभेत मी अर्ज ठेवला. मीटर रूमपासून माझ्या पार्किंगपर्यंत केबल, माझ्या खर्चाने, माझ्या मीटरवर. पहिला आक्षेप आला, "आग लागली तर?" रास्त होता. इलेक्ट्रिशियनने चांगली केबल, एमसीबी (बिघाड झाला की वीज तोडणारा स्विच), वेगळं अर्थिंग सगळं कागदावर लिहून दिलं. दुसरा आक्षेप, "बेसमेंटमध्ये नको." माझं पार्किंग स्टिल्टमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या उघड्या खांबांमध्ये आहे, बेसमेंट आमच्या इमारतीला नाहीच. मग खरा आक्षेप आला, "आज तुम्हाला दिलं तर उद्या सगळेच मागतील." मी म्हटलं, मागू देत की. तर म्हणे नियम बघावा लागेल. केंद्र सरकारने २०१९ मध्येच नव्या इमारतींसाठी नमुना नियमांत २० टक्के पार्किंगला चार्जिंगची सोय ठेवायला सांगितलंय, हे मी प्रिंट काढून नेलं. आमची इमारत नवी नाही, हे त्यांनी दाखवून दिलं. एकूण सगळे सभ्यपणे बोलत होते आणि काम होत नव्हतं. मराठी माणसांची सभा म्हणजे तुम्हाला माहीतच आहे.

ते सात महिने मी सार्वजनिक चार्जरवर काढले, आणि तेव्हा कळलं की ही गाडी म्हणजे दोन वेगवेगळ्या गाड्या आहेत. घरी प्लग असेल तर ती मोबाइलसारखी. रात्री लावा, सकाळी तयार, आठवड्यातून दोनदा, विषय संपला. प्लग नसेल तर ती लहान मुलासारखी. सतत तिच्या खाण्याची काळजी. शिवाय जलद चार्जरवरचं युनिट वीस रुपयांच्या आसपास, त्यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे ज्याच्या नावावर पार्किंग आहे त्याला वीज स्वस्त, आणि जो चाळीत, वाड्यात राहतो, रस्त्यावर गाडी लावतो, त्याला महाग. आमच्या वॉचमनकडे विजेची स्कूटर आहे. तिची बॅटरी काढून तो केबिनमध्ये लावायचा. त्यावरही सभेत चर्चा झाली. शेवटी त्याच्याकडून महिन्याला दीडशे रुपये घ्यायचे ठरले. लिफ्टमध्ये दिवसभर खेळणाऱ्या पोरांच्या विजेची चर्चा कधी झालेली मला आठवत नाही.

अडचणी लपवत नाही. एका गणपतीत, प्रतिष्ठापनेच्या सकाळी, गाडी मेली. मोठी बॅटरी ८४ टक्के भरलेली आणि दरवाजाही उघडेना. कारण या गाड्यांतही साध्या गाडीसारखी एक छोटी बारा व्होल्टची बॅटरी असते. कुलूप, दिवे, कॉम्प्युटर सगळं तिच्यावर. ती बसली की मोठीचा काही उपयोग नाही. मूर्ती आणायला शेवटी शेजाऱ्यांच्या डिझेल गाडीतून गेलो. त्यांनी वाटेत एक शब्द काढला नाही, नुसते हसत होते.

आणि हायवेचे चार्जर. पुणे-सातारा रस्त्यावर हॉटेलांच्या आवारात आता बरेच झालेत, तीन-चार वर्षांपूर्वीची परिस्थिती राहिली नाही. पण प्रत्येकाचं ॲप वेगळं, प्रत्येकात आधी पैसे भरून ठेवायचे. माझ्या फोनमध्ये सहा ॲपमध्ये मिळून हजारभर रुपये विखुरलेत, शर्टांच्या खिशात राहिलेल्या सुट्ट्या पैशांसारखे. एकदा चार्जरची गन गाडीला लावली, ॲप म्हणालं सुरू झालं, मशीन म्हणालं बिघाड. कस्टमर केअरवाली बाई मला चार्जर पुन्हा सुरू करते म्हणून वीस मिनिटं वाट बघायला लावत होती. तेवढ्यात हॉटेलात टेबलं पुसणारा पोरगा आला. म्हणाला, "साहेब, ते लाल बटण फिरवून सोडा. पोरं येता-जाता दाबतात." फिरवलं. चालू झालं. आणीबाणीचं बटण होतं ते. तेव्हापासून कुठल्याही चार्जरवर मी आधी बटण बघतो, मग मशीन.

आता मोठा मुद्दा. "शून्य प्रदूषण".

माझ्या गाडीला हिरवी नंबरप्लेट आहे. ती बघून लोक मला पर्यावरणवादी समजतात. मी एकदा कागद-पेन घेऊन बसलो. आपल्या ग्रिडवरचं, म्हणजे देशाच्या वीजजाळ्यातलं, एक युनिट तयार होताना साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, कारण आपली बहुतेक वीज अजून कोळशाची आहे. युनिटला सात किलोमीटर धरले तर किलोमीटरला शंभर ग्रॅम. लिटरभर पेट्रोल जळालं की २.३ किलो. लिटरला पंधरा धरले तर किलोमीटरला दीडशे ग्रॅम. म्हणजे माझा धूर पेट्रोलवाल्यापेक्षा तिसऱ्या हिश्शाने कमी. बॅटरी बनवताना झालेला धूर यात धरलेलाच नाही. शून्य तर लांबच. शिवाय हा धूर सिंहगड रोडवर दिसत नाही, तो चंद्रपूरला निघतो. २,९२० मेगावॅटचं औष्णिक केंद्र आहे तिथे. पुण्यातली माझी हवा स्वच्छ ठेवायला मी धुराची बदली विदर्भात केली, एवढंच. सरकारी खात्यात जशी नको असलेल्या माणसाची करतात तशी.

पण "मग फरक काय पडला?" म्हणणाऱ्यांशीही मी सहमत नाही. पेट्रोलची गाडी दहा वर्षांनी आजच्याइतकाच धूर सोडेल, बहुधा जास्तच. माझी गाडी मात्र ग्रिड जसजशी सुधारेल तसतशी आपोआप सुधारेल, मला काही न करता. छपरावर सोलर बसवणाऱ्यांसाठी केंद्राची २०२४ ची योजना आहे, तीन किलोवॉटला ७८ हजारांपर्यंत अनुदान मिळतं. एक किलोवॉटला दिवसाला चारेक युनिट धरा. आमच्या सोसायटीत हा विषय पुढच्या सभेत येणार आहे, म्हणजे काय ते तुम्ही समजलात.

दिवसाच्या उन्हाची वीज जास्त झालीय म्हणून स्मार्ट मीटरवाल्यांना सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच वापरलेल्या विजेवर आता सवलत मिळते. छान आहे. फक्त त्या वेळात माझी गाडी हापिसात उभी असते, उन्हात, प्लगशिवाय. पुढचं सगळं अनुदान हापिसांच्या पार्किंगमध्ये सॉकेट लावायला द्यावं, असं माझं मत आहे. त्यापेक्षाही जास्त, बसला द्यावं. पीएमपीच्या विजेच्या बस पुण्यात २०१९ पासून धावतायत. एसटीची पहिली विजेची बस, शिवाई, १ जून २०२२ ला पुण्याहून अहमदनगरला गेली. एसटीची अगदी पहिली गाडीही १९४८ मध्ये १ जूनलाच पुणे-नगर मार्गावर सुटली होती, म्हणून तो दिवस निवडला. तशी एक बस भरून गेली की चाळीसेक माणसं जातात. माझ्या गाडीत बहुतेक वेळा मी आणि माझा डबा.

हे सगळं मला सुचायला लागलं ते गाडीमुळे. पन्नास वर्षं मी विजेला "लाइट" म्हणत आलो. लाइट आली, लाइट गेली. ती येते कुठून, हे कधी विचारलं नव्हतं. आणि विचारायला हवं होतं, माझ्या घरात तरी. माझ्या वडिलांचं गाव कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाखाली आहे.

यंदा मे महिन्यात चिपळूणला लग्न होतं. आदल्या रात्री पाटणजवळ आत्याकडे मुक्काम केला. तिच्या मागच्या पडवीत पाण्याच्या मोटारीसाठी पंधरा अँपियरचा सॉकेट आहे, तिथे गाडी लावली. रात्रीतून दोनदा लाइट गेली, तरी सकाळी ८० टक्के झाली होती. आत्याला पुढे बसवलं. वय ७८. तिने एकदाही ॲव्हरेज विचारलं नाही.

कोयनानगरला धरण दिसतं तिथे थांबलो. ती गाडीतून उतरलीच नाही. काचेतूनच बोट करून म्हणाली, "त्या पाण्याच्या लई आत, तिकडं आमचं घर." तेरा-चौदा वर्षांची होती तेव्हा गाव उठलं. लाइट येणार म्हणून उठवलं होतं. तिच्या सासरी लाइट आली तेव्हा तिचा थोरला शाळेत जायला लागला होता.

कोयनेचं पाणी खरं तर पूर्वेला कृष्णेकडे जाणारं. ते अडवून, सह्याद्रीच्या पोटातून बोगद्यांनी पश्चिमेला नेलंय. तिथे चारशे मीटरहून जास्त उंचीवरून ते पोफळीच्या भूमिगत वीजगृहात पडतं आणि पुढे वाशिष्ठीला जाऊन मिळतं. सगळे टप्पे मिळून १,९६० मेगावॅट. संध्याकाळी राज्यभर मागणी वाढली की ही यंत्रं कामाला लागतात. म्हणजे मी सातला घरी येऊन गाडी प्लगला लावतो, त्याच वेळी. आम्ही कुंभार्ली घाट उतरत होतो तोही त्याच डोंगराचा उतार. विजेची गाडी उतारावर ब्रेकऐवजी मोटर उलटी वापरते आणि वीज परत बॅटरीत भरते. घाटमाथ्यावर ६१ टक्के होते, पोफळीत पोचलो तेव्हा ६४. बाहेर पाणी पडून वीज करत होतं, आत आम्ही दोघं पडून करत होतो. मी हे आत्याला मोठ्या उत्साहाने समजावून सांगितलं. (परतीला तोच घाट चढताना याच्या कितीतरी पट गेले, ते नाही सांगितलं.)

तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आन् रातच्याला माझ्या पडवीत लावलीवतीस, ती किती झाली?"

"वीसेक युनिट झाली असतील. दोनशे रुपये धर. देतो ना मी."

"आरं, आमच्या गावाच्या पाण्याची लाइट, तिचं बिल मीच घिऊ व्हय तुझ्याकडनं?" असं म्हणाली, आणि मी पुढे केलेली दोनशेची नोट घडी घालून बटव्यात ठेवली.