कॅम्पातला मुलगा

आमच्या कल्याणच्या शाळेतल्या जुन्या वर्गमित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चार दिवस एकच दळण चाललंय. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्क्यांतून आलेली गरीब, वंचित घरची मुलं 'आपल्या' मुलांच्या वर्गात नकोत, त्यांची वेगळी तुकडी काढा. वर मलाच टोमणा, "तू बोलूच नको, तुमच्या जर्मनीत निर्वासितांनी काय वाट लावलीये ते बघ आधी." तीनदा टाईप करून डिलीट केलं, शेवटी इथे लिहितेय.

अरे बाबांनो, वेगळी तुकडी आमच्याकडे करून झालीये! २०१५ ला सिरियातून एवढी माणसं आली की बर्लिनच्या शाळांत विलकोमेन्सक्लास, म्हणजे नव्याने आलेल्या मुलांचे 'स्वागत-वर्ग', भराभर वाढले, आधी जर्मन शिका मग बाकीच्यांत बसा. भाषेपुरतं ठीकच, पण लेकीच्या शाळेत तो वर्ग मागच्या इमारतीत, त्यामुळे दोन वर्षं आमच्या पोरांसाठी ती मुलं म्हणजे नुसती "तिकडची". पोस्टरं लागली, सहानुभूतीवर प्रोजेक्ट झाला, ढिम्म फरक नाही. मग तिसरीत त्यातला एक पोरगा हिच्या वर्गात आला आणि पोहण्याच्या तासाला बाईंनी दोघांची जोडी लावली. तळातली रिंग दोघांनाही निघेना. घरी येऊन सिरिया वगैरे काही नाही, "तो माझ्यापेक्षा जास्त घाबरतो" एवढंच, आणि ते सांगताना काय आनंद! गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच सांगून ठेवलंय, नुसतं शेजारी बसवून भागत नाही, बरोबरीचा दर्जा लागतो, मिळून करायचं काम लागतं आणि वरच्यांचा पाठिंबाही लागतो. पाठिंबा म्हणजे ग्रुपवरच्या तुम्हा लोकांचा, हे वेगळं सांगायला नको.

एवढं शहाणपण टाईप केलं आणि ग्रुपच्या यादीत एका वर्गमित्राचा नंबर दिसला. हा उल्हासनगरहून यायचा. फाळणीनंतर सिंधी लोकांना जिथे ठेवलं तो कल्याण कॅम्प, हा जन्मलाच तिथे, तरी आम्ही त्याला 'निर्वासित' म्हणायचो, त्याने डबा उघडला की नाक धरायचो. मीसुद्धा. घरीच ऐकलेला शब्द तो, "निर्वासितांच्या दुकानातून आण, स्वस्त पडतं." चार दिवसांत त्या नंबरवरून एक मेसेज नाही.

आणि मागच्या महिन्यात व्हिसा ऑफिसात नंबरची वाट बघत बसलो होतो तेव्हा लेकीने विचारलं, "आई, आपण पण फ्ल्युश्टलिंग का?" म्हणजे निर्वासित. मी "छे!" इतक्या जोरात म्हणाले की शेजारच्या खुर्चीवरची बाई मराठी न येताही वळून बघायला लागली.