कमी रॅम म्हणजे वेगवान डेस्कटॉप? दाव्यातला एकेक मुद्दा तपासू या

लिनक्सच्या हलक्या डेस्कटॉपबद्दल, म्हणजे पॅनेल, मेनू आणि खिडक्या पुरवणाऱ्या भागाबद्दल, एक दावा वर्षानुवर्षे फिरतो आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला, विंडोज ११ चालत नाही अशी कितीतरी धडधाकट यंत्रे लोकांकडे उरली, आणि या दाव्याला पुन्हा जोर चढला. तो थोडक्यात असा: चालू केल्याबरोबर जो डेस्कटॉप सगळ्यात कमी रॅम घेतो तोच सगळ्यात वेगवान, तो टाकला की कितीही जुना कॉम्प्युटर नव्यासारखा पळतो, त्यात चकचकाट सोडला तर कशाचीच कमतरता नसते, नव्या आवृत्त्या आणि वेलँड (पडद्यावर खिडक्या दाखवण्याची नवी पद्धत) यांनी हलकेपणाची वाट लावली, म्हणून जुनेच वापरा, आणि खात्री नसेल तर पेनड्राइव्हवरून दहा मिनिटे चालवून बघा. सोबत दोन टर्मिनलची, म्हणजे कमांड टाइप करण्याच्या खिडक्यांची, चित्रे असतात, एकात वापरलेल्या रॅमचा मोठा आकडा, दुसऱ्यात लहान.

मी स्वतः हलक्या डेस्कटॉपच्या बाजूची आहे. सध्या एलएक्सक्यूटी या हलक्या डेस्कटॉपची २ ची मालिका, तीही वेलँडवर, एका जुन्या लॅपटॉपवर रोजच्या कामाला वापरते आहे आणि मला ती मनापासून आवडली आहे. म्हणूनच हा दावा मला खुपतो. तो ऐकून माणसे मोठ्या आशेने लिनक्स टाकतात, दोन दिवसांत हिरमुसतात आणि परत फिरतात. चांगल्या कामाला चुकीच्या आश्वासनाने बट्टा लागतो.

‘फ्री कमांडमध्ये यूज्डचा आकडा ज्याचा कमी, तो डेस्कटॉप हलका.’

फ्री ही रॅमचा हिशोब दाखवणारी कमांड, आणि ‘यूज्ड’ हा तिच्यातला वापरलेल्या रॅमचा स्तंभ. हा आकडा मुळात डेस्कटॉपचा नसतोच. त्या क्षणी यंत्रावर जे जे चालू आहे, त्या सगळ्याचा तो असतो. एका डिस्ट्रोत (लिनक्सच्या तयार संचात) पॅकेजचे अपडेट तपासणारी सेवा चालू असते, फायलींची सूची करणारा इंडेक्सर असतो, छपाईची सेवा असते. दुसरीत यातले काहीच नसते. दोन वेगळ्या डिस्ट्रोंची चित्रे शेजारी ठेवली की तुलना त्या सेवांची होते आणि नाव मात्र डेस्कटॉपचे लागते.

शिवाय मोजण्याची रीतच एक नाही. फ्री ही कमांड ज्या प्रॉक्प्स-एनजी पॅकेजमधून येते, त्याच्या ४ च्या मालिकेत ‘यूज्ड’ म्हणजे एकूण वजा ‘अव्हेलेबल’ (नव्या प्रोग्रॅमना मिळू शकणारी रॅम). आधीच्या आवृत्त्यांत तो एकूण वजा मोकळी, बफर आणि कॅश असा निघत असे. म्हणजे तेच यंत्र, तेच प्रोग्रॅम, आणि कमांडची आवृत्ती वेगळी म्हणून आकडा वेगळा. असे आकडे एकमेकांसमोर ठेवून निकाल कसा लावणार?

लिनक्सचा कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, मोकळी रॅम मोकळी ठेवत नाही, हेही लक्षात घ्यायला हवे. डिस्कवरून एकदा वाचलेले तो कॅशमध्ये धरून ठेवतो, आणि एखाद्या प्रोग्रॅमने मागितली की ती जागा सोडून देतो. म्हणून बघायचाच असेल तर ‘अव्हेलेबल’चा स्तंभ बघावा. २०१४ मध्ये ३.१४ या कर्नलपासून हा अंदाज कर्नल स्वतःच देतो.

खरी तुलना करायची असेल तर एकाच यंत्रावर, एकाच डिस्ट्रोत दोन्ही डेस्कटॉप टाका, प्रत्येकासाठी कोरे युजर खाते उघडा आणि लॉगिनच्या पडद्यावर सत्र बदलून बघा. नंतर नुसते बसून राहू नका. ब्राउझर, फाइल मॅनेजर आणि रोज लागणारे दोन प्रोग्रॅम उघडा. इथे एक गोष्ट हमखास दिसते. एलएक्सक्यूटी क्यूटीवर बांधलेला आहे, एक्सएफसीई हा दुसरा हलका डेस्कटॉप जीटीकेवर. ही दोन टूलकिट, म्हणजे खिडक्या आणि बटणे बनवणारे लायब्ररींचे संच. तुमचे रोजचे प्रोग्रॅम ज्या टूलकिटचे, त्याच टूलकिटचा डेस्कटॉप असेल तर लायब्ररी वाटून वापरल्या जातात. नसेल तर दोन्ही संच मेमरीत येतात. सुरुवातीला वाचवलेली रॅम पहिला प्रोग्रॅम उघडताच बरीचशी खर्च होऊ शकते. रिकाम्या डेस्कटॉपच्या चित्रात हे कधीच दिसत नाही.

एवढे सांगून एक गोष्ट मान्य करते: २ जीबी रॅमच्या यंत्रावर दोन डेस्कटॉपमधला काही शे एमबींचा फरक खरोखर मोठा असतो. तिथे जीनोम हा जड डेस्कटॉप टाकू नका, हा सल्ला योग्यच आहे. पण ८ जीबीच्या यंत्रावर त्याच फरकाने कामाचा वेग बदलत नाही. मधल्या ४ जीबीच्या यंत्रावर मला डेस्कटॉप बदलण्यापेक्षा झेडरॅमचा जास्त फायदा झाला. यात स्वॅपला जाणारी पाने, म्हणजे रॅम अपुरी पडल्यावर बाहेर काढले जाणारे मेमरीचे तुकडे, डिस्कवर न लिहिता रॅममध्येच दाबून ठेवली जातात. फेडोरा या डिस्ट्रोने २०२० मध्ये ३३ व्या आवृत्तीपासून हे आपसूक चालू ठेवले. इतर काही डिस्ट्रोंत ते स्वतः चालू करावे लागते. मेमरी खरेच अपुरी पडते आहे का, हे बघायला ‘व्हीएमस्टॅट १’ चालवा आणि ‘एसआय’ व ‘एसओ’ या, स्वॅपमधली ये-जा दाखवणाऱ्या, स्तंभांवर नजर ठेवा. काम करताना तिथे सतत शून्य असेल, तर तुमचा अडथळा रॅम नाही.

‘हलका डेस्कटॉप टाकला की कितीही जुना कॉम्प्युटर नव्यासारखा पळतो.’

माझ्या लॅपटॉपमध्ये सुरुवातीला मिनिटाला ५४०० फेऱ्या घेणारी हार्ड डिस्क होती. एलएक्सक्यूटी टाकला, मेनू झटकन उघडू लागला, फार बरे वाटले. मग ब्राउझरच्या आयकॉनवर क्लिक केले. डिस्कचा छोटा दिवा पेटला तो पेटलाच, आतून बारीक करकर ऐकू येत राहिली, आणि खिडकी उमटेपर्यंत मी नुसती बघत बसले. कारण साधे आहे. ५४०० फेऱ्यांच्या डिस्कला एक फेरी पुरी करायला ११ मिलिसेकंद लागतात, म्हणजे हवा तो तुकडा वाचणाऱ्या हेडखाली यायला सरासरी साडेपाच. हेड सरकण्याचा वेळ वेगळा. विखुरलेले तुकडे वाचताना अशी डिस्क सेकंदाला शंभराचाही पल्ला गाठत नाही. साधी सॅटा एसएसडी (फिरणारे भाग नसलेली डिस्क) तेच काम हजारोंच्या संख्येने करते. मी एसएसडी बसवली आणि डेस्कटॉप तोच ठेवला. त्या दिवशी जो फरक पडला, तो कोणत्याही डेस्कटॉपने कधी पाडला नव्हता.

दुसरे, ब्राउझर. आजचा ब्राउझर सुरक्षिततेसाठी वेगवेगळ्या साइट वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये ठेवतो. पाच-सात जड टॅब उघडले की ते अख्ख्या डेस्कटॉपपेक्षा जास्त रॅम घेतात, मग खाली काहीही चालू असो.

तिसरे, व्हिडिओ. व्हिडिओ उलगडण्याचे काम ग्राफिक्स चिपने केले तर यंत्र थंड राहते, नाहीतर सगळा भार प्रोसेसरवर येतो. व्हीपी९ आणि एव्ही१ हे व्हिडिओ दाबून साठवण्याचे नवे प्रकार. इंटेलच्या चिपमध्ये व्हीपी९ ची पुरी सोय सातव्या पिढीपासून आली, एव्ही१ ची अकराव्यापासून. त्याआधीच्या यंत्रावर त्या प्रकारचा व्हिडिओ लावला की पंखा घोंगावू लागतो, आणि त्यात डेस्कटॉप काहीच करू शकत नाही. साइट देत असेल तर एच.२६४ हा जुना प्रकार मागणारे ब्राउझरचे एक्स्टेन्शन टाकणे हा खरा उपाय.

आणि ‘कितीही जुना’ हे तर सोडूनच द्या. ३२ बिटच्या, म्हणजे जुन्या प्रोसेसरच्या, यंत्रांचा रस्ता अरुंद होत गेला आहे. क्रोमने लिनक्सवरची ३२ बिटची आवृत्ती २०१६ मध्येच थांबवली. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ या डिस्ट्रोमध्ये ३२ बिटच्या पीसीसाठी इन्स्टॉलरही नाही आणि कर्नलही नाही.

‘चकचकाट सोडला तर हलक्या डेस्कटॉपमध्ये कशाचीच कमतरता नसते.’

पूर्ण डेस्कटॉपमध्ये न दिसणारे बरेच भाग असतात: पासवर्ड विचारणारा पोलकिटचा (परवानग्या तपासणाऱ्या व्यवस्थेचा) एजंट, सूचना दाखवणारा, बॅटरी सांभाळणारा, पेनड्राइव्ह जोडणारा. एकदा मी हौसेने नुसता ओपनबॉक्स (फक्त खिडक्या सांभाळणारा विंडो मॅनेजर) आणि एक पॅनेल एवढ्यावर यंत्र चालवले. डिस्कचे पार्टिशन बघायला प्रोग्रॅमवर क्लिक केले. काहीच झाले नाही. खिडकी नाही, चूक दाखवणारा संदेश नाही. पुन्हा क्लिक, पुन्हा शांतता. टर्मिनलमधून चालवल्यावर कळले की पासवर्ड विचारायला कोणी एजंटच नव्हता, म्हणून परवानगी परस्पर नाकारली जात होती. मला कारण शोधता आले. नवख्या माणसाला ‘लिनक्सवर प्रोग्रॅमच उघडत नाहीत’ एवढेच दिसेल. एलएक्सक्यूटी आणि एक्सएफसीई हे पूर्ण डेस्कटॉप आहेत, त्यांत ही सोय असते. त्यांची रॅम नुसत्या विंडो मॅनेजरपेक्षा जास्त दिसते ती याच सोयींमुळे, आणि ती रॅम वाया गेलेली नसते.

मराठी लिहिणाऱ्याने टर्मिनलही तपासावा. एक्सटर्म फार हलका आहे, पण तो एकेक अक्षर ठरलेल्या चौकटीत बसवतो. जोडाक्षरे त्यात सुटी पडतात. ज्यांना पडदा वाचून दाखवणारा ऑर्का लागतो, त्यांनी तर निव्वळ रॅमच्या आकड्यावर निवड करूच नये. जीनोम किंवा माटे हे डेस्कटॉप त्यांना जास्त सोयीचे पडतात.

‘नव्या आवृत्त्या फुगल्या आहेत, जुना एलएक्सडीईच बरा, आणि वेलँड जड असतो.’

एलएक्सडीई हा जुना हलका डेस्कटॉप २००६ मध्ये तैवानच्या होंग जेन यी यांनी सुरू केला. तो उभा राहिला जीटीके २ वर, आणि जीटीके २ चा आधार डिसेंबर २०२० मध्ये जीटीके ४ आल्यावर संपला. पण त्याआधीच, २०१३ मध्ये, होंग जेन यी स्वतःच क्यूटीकडे वळले होते. रेझर-क्यूटी हा प्रकल्प त्यात मिसळला आणि २०१४ मध्ये एलएक्सक्यूटीची पहिली आवृत्ती आली. ज्याला आपण नवा आणि फुगलेला म्हणतो, तो मूळ कर्त्यानेच पुढे नेलेला आहे. एप्रिल २०२४ च्या २.० आवृत्तीत तो क्यूटी ६ वर गेला आणि नोव्हेंबर २०२४ च्या २.१ मध्ये वेलँडचे सत्र आले.

वेलँड जड, हे तर उलट आहे. जुन्या पद्धतीत, म्हणजे एक्समध्ये, एक्स सर्व्हर, विंडो मॅनेजर आणि कंपोझिटर (खिडक्या एकत्र करून पडदा रंगवणारा) अशी तीन वेगळी कामे वेगळ्या प्रोग्रॅमकडे असतात. वेलँडमध्ये ती एकच कंपोझिटर करतो. मी वापरते तो लॅबडब्ल्यूसी याच जातीचा, ओपनबॉक्सच्या धर्तीचा. रास्पबेरी पायसारख्या छोट्या बोर्डासाठी असलेल्या रास्पबेरी पाय ओएसनेही ऑक्टोबर २०२४ पासून तोच मुख्य केला. शिवाय एक्सवर कोणताही प्रोग्रॅम दुसऱ्या खिडकीत टाइप केलेले ऐकू शकतो. वेलँडमध्ये ती वाट बंद आहे. बँकेचा पासवर्ड टाइप करणाऱ्यासाठी ही लहान गोष्ट नाही.

अडचणी आहेत, आणि त्या सांगायलाच हव्यात. वेलँडवर एलएक्सक्यूटीची शॉर्टकट ठरवण्याची खिडकी कामाला येत नाही. ते काम कंपोझिटरकडे जाते. मला फाइल मॅनेजरसाठी एक कळ हवी होती, तर लॅबडब्ल्यूसीची आरसी ही सेटिंगची फाइल उघडून कीबाइंडच्या ओळी हाताने लिहाव्या लागल्या. देवनागरी आणि इंग्रजी कळफलकही त्याच्या एन्व्हायर्नमेंट फाइलमध्ये नोंदवावा लागला. मला अर्धा तास लागला. ज्यांना फायलींत हात घालायचा नाही, त्यांनी लॉगिनच्या वेळी एक्सचे सत्र निवडावे. ते व्यवस्थित चालते.

‘पेनड्राइव्हवरून दहा मिनिटे चालवून बघा, कळेल.’

वेग तरी कळणार नाही. लाइव्ह सत्रात सगळी प्रणाली पेनड्राइव्हवर दाबून भरलेली असते आणि वाचताना उलगडावी लागते. तुम्ही जे नवे लिहिता ते रॅममध्ये साठते. म्हणजे डिस्कचा वेगही खोटा आणि रॅमचा आकडाही. लाइव्ह सत्रात वायफाय, आवाज, टचपॅड आणि पडद्याची चमक तेवढी तपासावी.

बाकीचे आठवडाभर वापरल्यावरच समोर येते. दुसरा पडदा जोडून काढल्यावर पॅनेल जागेवर येते का, ब्लूटूथचा हेडफोन स्वतःहून जोडला जातो का, मीटिंगमध्ये पडदा दाखवता येतो का. आणि झाकण लावून पुन्हा उघडल्यावर आधी काय दिसते, कुलपाचा पडदा की क्षणभर तुमच्या उघड्या खिडक्या? नुसत्या विंडो मॅनेजरच्या माझ्या त्या जुन्या मांडणीत मला खिडक्याच दिसल्या होत्या.