बाळूचा विमा आणि जुईचं खातं

परवा सोसायटीच्या गेटपाशी बी विंगमधल्या एका मैत्रिणीने थांबवलं. लेकीच्या वाढदिवसाला तिने दोन गिनीपिग आणलेत, आणि दिवाळीत तिचा भाऊ लॅब्रॅडॉरचं पिल्लू देणार आहे. "ताई, तुमच्याकडे दोन्ही आहेत म्हणून विचारते. यांचा विमा काढायचा का? का उगाच पैसे जातात?" माझ्या हातात भाजीची पिशवी, मागे रिक्षावाला हॉर्न वाजवतोय. मी दोन वाक्यांत काहीतरी सांगितलं आणि वर आले. पण आपण तिला नीट उत्तर दिलं नाही, ही रुखरुख गेली नाही. म्हणून इथे सविस्तर लिहिते, तिच्यासाठी आणि ज्यांच्या घरी असं कोणी येऊ घातलंय त्या सगळ्यांसाठी.

जनावराचाही विमा असतो हे मला पहिल्यांदा कळलं ते मुरबाडजवळच्या आमच्या गावी. काकांनी बँकेचं कर्ज काढून म्हैस घेतली आणि कर्जाबरोबर विमाही आला. म्हशीच्या कानात पिवळा प्लास्टिकचा बिल्ला मारला होता, त्यावर नंबर. धारेला बसायच्या आधी काका रोज तिच्या कानाला हात लावून बघायचे, बिल्ला जागेवर आहे ना. बिल्ला नाही तर क्लेम नाही, हे त्यांना बजावून सांगितलेलं. पुढे ती म्हैस पोट फुगून गेली. पंचनामा झाला, डॉक्टरांचा दाखला झाला, आणि तो बिल्ला काकांनी रुमालात बांधून बँकेत नेला. पैसे मिळाले, दुसरी म्हैस दावणीला आली. दुभतं जनावर गेलं की घरात येणारा पैसा थांबतो, तो भरून काढणं एवढंच त्या विम्याचं काम होतं आणि ते त्याने चोख केलं.

हे सांगायचं कारण असं की आपल्याकडची कुत्र्याच्या विम्याची जुनी पद्धत त्याच वळणाची आहे. पारंपरिक पॉलिसीत कुत्र्याची बाजारातली किंमत ठरवतात आणि तो अपघाताने किंवा आजाराने गेला तर तेवढी रक्कम देतात. दवाखान्यात ठेवण्याचा, ऑपरेशनचा खर्च उचलणाऱ्या पॉलिसी खाजगी कंपन्यांनी अलीकडच्या पाच-सहा वर्षांत आणल्या. पेट इन्शुरन्स या एकाच नावाखाली दोन्ही विकलं जातं, म्हणून पहिला प्रश्न हाच विचारायचा की पैसे कुत्रा गेल्यावर मिळणार की तो आजारी असताना. आमचा कुत्रा बाळू ठाण्यातल्या माजिवड्याच्या उड्डाणपुलाखाली भर पावसात सापडला. त्याला बाजारात कसली किंमत असणार? तो गेल्यावर मिळणारा पैसा मला नको होता. तो वाचावा म्हणून लागणारा पैसा हवा होता.

बाळू दोन वर्षांचा असताना आम्ही त्याची पॉलिसी घेतली. वर्षाला साधारण ४,२०० रुपये हप्ता, ५० हजारांपर्यंत ऑपरेशन आणि दवाखान्याचा खर्च. घरात सगळ्यांनी वेड्यात काढलं. त्याच पावसाळ्यात तिचा उपयोग झाला.

उपवनला आपण सगळेच पावसात फिरायला जातो, भाजलेलं कणीस खातो, आणि दाणे संपले की उरलेला दांडा तलावाच्या कठड्यापाशी टाकून देतो. (कृपा करून टाकू नका, कचऱ्याच्या डब्यात टाका.) बाळूने तसा एक दांडा उचलला आणि मी त्याच्या तोंडात हात घालेपर्यंत गिळला. दोन दिवस काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी तो पाणी प्यायला की उलटी, आणि पोटाला हात लावला की पाठीची कमान करून बाजूला व्हायचा. कणसाचा दांडा पोटात विरघळत नाही आणि साध्या एक्सरेत नीट दिसतही नाही. सोनोग्राफीत कळलं की तो लहान आतड्यात अडकलाय. रात्री साडेदहाला डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, आज रात्रीच उघडावं लागेल, आतड्याचा रंग बदलला असेल तर तेवढा तुकडा कापावा लागेल, ३५ ते ५० हजार धरून चला, लगेच सांगा.

काउंटरवरचा तो क्षण मी विसरले नाही. शेजारी एक मुलगा बसला होता, मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं पिल्लू, पार्व्हो या विषाणूच्या आजाराने बेजार झालेलं. तो फोनवर कोणाला तरी पैसे मागत होता, आणि समोरून नकार येतोय हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं. मी 'करा' म्हणू शकले, कारण तो निर्णय आम्ही चार महिन्यांपूर्वी, घरी, शांतपणे घेऊन टाकला होता. विम्याची खरी किंमत मला तिथे कळली. प्रेम त्या मुलाचं माझ्यापेक्षा तसूभरही कमी नव्हतं.

बिल झालं ४६,३०० रुपये. हातात आले २९ हजारांच्या आसपास. दाखल करण्याआधीची सोनोग्राफी धरली नाही, हातमोजे-सिरिंज वगैरे वापराच्या वस्तू धरल्या नाहीत, आणि ठरलेला वाटा आम्ही भरायचाच होता. पैसे आधी आपल्या खिशातून भरायचे आणि कागद दिल्यावर दीड महिन्याने ते परत येणार, हेही तेव्हाच कळलं. म्हणजे पॉलिसी असली तरी त्या रात्री कार्डात पैसे लागतातच. तरीसुद्धा सात वर्षांचा हप्ता एका रात्रीत वसूल झाला.

पुढच्या वर्षी त्याच कंपनीने क्लेम नाकारला. बाळूला लेप्टो झाला. २००५ च्या २६ जुलैच्या पुरानंतर मुंबई-ठाण्यात घराघरात माहीत झालेला हाच तो लेप्टो, उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून येणारा. तो कुत्र्यांनाही होतो आणि त्यांच्याकडून माणसांना होऊ शकतो. कुत्र्याला त्याची लस दरवर्षी द्यावी लागते. सासूबाई तेव्हा दवाखान्यात होत्या, आणि बाळूच्या लसीची तारीख उलटून पाच आठवडे झाले होते. लस घेऊन टाळता येणारा आजार आणि लस घेतलेली नाही, म्हणून क्लेम नाही. हे कलम मी घेतलेल्या पॉलिसीत स्पष्ट लिहिलं होतं. नऊ दिवस सलाइन चाललं, ३१ हजार खिशातून गेले. मला फार राग आला होता, पण आज मी कंपनीला दोष देत नाही. चूक माझी होती, आणि तिची शिक्षा बाळूच्या किडन्यांनी भोगली. तो आता ठीक आहे, पण त्याचं खाणं-पिणं कायमचं बदललं. दुसऱ्या कंपनीकडे जायचं तर किडनीचं दुखणं 'आधीपासूनचा आजार' म्हणून बाहेर राहणार, त्यामुळे हीच पॉलिसी खंड पडू न देता चालू ठेवणं भाग आहे.

तेव्हा लॅब्रॅडॉरच्या बाबतीत माझं उत्तर स्वच्छ 'हो' आहे. विमा काढ, आणि पिल्लू लहान असतानाच काढ. या जातीत खुब्याच्या सांध्याचं दुखणं रक्तातून येतं, वजन भराभर वाढतं, आणि दिसेल ते गिळायची सवय बाळूपेक्षा जास्त. आनुवंशिक आजार आपल्या पॉलिसीत धरलेत का, हे सहीच्या आधी वाच. ठरावीक वयानंतर नवीन पॉलिसी देतच नाहीत, आणि नेमका त्याच वयात खर्च सुरू होतो. पॉलिसी सुरू झाल्यावरचे पहिले काही दिवस आजाराचा क्लेम चालत नाही, तेही बघ. लसीचं पुस्तक आधार कार्डासारखं सांभाळ. कुत्रा कोणाला चावला तर भरपाईची जबाबदारी धरणारी पॉलिसी मिळत असेल तर ती घे. आपल्या लिफ्टमध्ये लहान मुलं असतात, आणि गरीब कुत्रासुद्धा घाबरला की तोंड टाकतो.

आता गिनीपिग. इथे माझं उत्तर वेगळं आहे, आणि खरं तर याच्याचसाठी लिहायला बसले.

मी चौकशी केली तिथे सगळीकडे कुत्रा आणि मांजर एवढंच ऐकायला मिळालं. ब्रिटन-अमेरिकेत गिनीपिगचाही विमा निघतो. पण समजा उद्या तो ठाण्यातही मिळाला, तरी मी तिला आधी दुसरंच काहीतरी करायला सांगेन.

आमच्या जाई-जुई चार वर्षांच्या आहेत. फ्रिजचं दार उघडलं की दोघी 'व्हीक व्हीक' करून घर डोक्यावर घेतात, कोथिंबिरीची काडी हातातून ओढून घेतात. मागच्या वर्षी एका शनिवारी संध्याकाळी फ्रिज उघडला आणि एकीचाच आवाज आला. जुई कोपऱ्यात अंग फुगवून बसली होती. हनुवटीखालचे केस ओले होते. ढोबळी मिरचीचा तुकडा तिने तोंडात घेतला, दोनदा हलवला आणि टाकून दिला. गिनीपिगचे दात जन्मभर वाढत राहतात. सुकं गवत चावून ते झिजले नाहीत तर मागच्या दाढा जिभेवर कमानीसारख्या वाढतात आणि गिळता येत नाही. या प्राण्याचं पोट सतत चालत राहावं लागतं. खाणं थांबलं की आतडी मंदावतात, आणि एका दिवसात जीव धोक्यात येतो. दुखणं लपवणं हा त्यांचा स्वभाव आहे, कारण रानात दुबळा दिसणारा आधी मारला जातो. आपल्याला कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

त्या रात्री मी पाच दवाखान्यांना फोन केले. चार ठिकाणी सांगितलं, आम्ही कुत्री-मांजरं बघतो. पाचव्या ठिकाणी तपासलं आणि अँटिबायोटिकचं सिरप दिलं. मी बाटलीवरचं नाव वाचलं, अमॉक्सिसिलिन. पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं तोंडावाटे दिली तर गिनीपिगच्या आतड्यातले चांगले जिवाणू मरतात आणि प्राणी दगावू शकतो. हे मी आधी वाचलेलं होतं म्हणून ते दिलं नाही. वाचलेलं नसतं तर दिलं असतं, आणि पैसे भरून दिलं असतं. विमा तिथे माझ्या काय उपयोगाचा होता?

रविवारी सकाळी ऐरोलीमार्गे नवी मुंबईत, ससे आणि पक्षी बघणाऱ्या एका डॉक्टरांकडे गेलो. जाईलाही त्याच खोक्यात घेतलं, कारण जोडीतली एक दूर गेली की दोघी खचतात. अख्ख्या रस्त्यात जाईने आपली हनुवटी जुईच्या पाठीवर ठेवली होती. भूल देऊन दाढा घासल्या. घरी आणल्यावर बारा दिवस दर चार तासांनी, रात्रीसुद्धा, सुईशिवायच्या सिरिंजने भिजवलेल्या गवताच्या पुडीची पेज भरवली. सगळं मिळून खर्च ८,४०० रुपये.

माझे दीर म्हणाले, "वहिनी, हजार-दीड हजाराच्या प्राण्यावर आठ हजार?" ते वाईट माणूस नाहीत, जुईला कोथिंबीर तेही देतात. पण हा हिशेबच मला मान्य नाही. म्हशीची किंमत धरून विमा काढणं बरोबर होतं, कारण ती गेल्यावर दुसरी म्हैस आणायची होती. जुईच्या जागी मला दुसरी गिनीपिग आणायची नव्हती. जो जीव आपण पिंजऱ्यात ठेवला, ज्याचं पळणं-लपणं-चरणं आपण काढून घेतलं, त्याच्या दुखण्याचा खर्च त्याच्या दुकानातल्या किमतीवर कसा ठरेल?

म्हणून गिनीपिगसाठी मी वेगळं बचत खातं उघडलंय. दर महिन्याच्या पाच तारखेला त्यात ५०० रुपये आपोआप जातात. पोस्टाच्या आरडीचाही विचार केला होता, पण तिची मुदत पाच वर्षांची. गिनीपिगचं आयुष्य साधारण पाच ते सात वर्षांचं, आणि पैसे लागतात ते रविवारी सकाळी. पैसे हाताशी पाहिजेत.

त्याआधी मात्र डॉक्टर शोधून ठेवायचा. पिंजरा आणायच्या आधी फोन करून विचारायचं, गिनीपिग बघता का, भूल देता का, रविवारी असता का. कुत्र्यासाठीही रात्रीची सोय माहीत हवी. परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट, ज्याला जुनी माणसं अजून बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात, आणि २०२४ मध्ये महालक्ष्मीला सुरू झालेलं टाटा ट्रस्टचं. पण ठाण्याहून संध्याकाळी सहाला निघालात तर हायवेवर किती वेळ जाईल हे तुम्हाला मी सांगायला नको. जवळचं एक नाव हवंच.

बाकी रोजचं सांभाळणं फार खर्चाचं नाही. सुकं गवत दिवसभर समोर असू दे. माणसासारखंच गिनीपिगलाही क जीवनसत्त्व शरीरात तयार करता येत नाही, ते रोज खाण्यातून द्यावं लागतं. ढोबळी मिरची, थोडा पेरू, आवळ्याची बारीक फोड. मे महिन्यात पिंजरा बाल्कनीत ठेवू नका, उकाड्याने ते पटकन मरतात. आणि दर रविवारी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर वजन करून वहीत लिहा. जुईचं वजन त्या शनिवारच्या आधीच्या तीन आठवड्यांत ८६० वरून ७७० ग्रॅमवर आलं होतं. तेव्हा मी वजन करत नव्हते, एका जुन्या नोंदीवरून हे नंतर कळलं.

ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, नेरूळ या भागात गिनीपिग, ससे बघणारे आणि भूल देऊ शकणारे डॉक्टर कोणाला स्वतःच्या अनुभवातून माहीत असतील, तर खाली क्लिनिकचं नाव आणि वेळ लिहा. मी यादी करून सोसायटीच्या ग्रुपवर टाकते.

उद्या संध्याकाळी बी विंगला जाणार आहे. तिने दोन पॉलिसींचे कागद मागवलेत, ते दोघी मिळून वाचू. वजनकाटा मी बरोबर नेतेय.