खुलासा : सोजर्नर ट्रुथ दक्षिणी हेलात बोलत नव्हत्या

गुलामगिरीविरुद्ध आणि स्त्रीहक्कांसाठी बोलणाऱ्या कृष्णवर्णीय अमेरिकन वक्त्या सोजर्नर ट्रुथ यांची भूमिका वठवणाऱ्या एकपात्री प्रयोगांच्या क्लिप फिरताहेत. खाली लिहिलेलं असतं : ‘ॲक्रन, ओहायो, १८५१. भाषण जसंच्या तसं.’ हे चूक आहे.

‘मी बाई नाही का?’ हे पालुपद, अमेरिकेच्या दक्षिणेकडचा हेल आणि तेरा मुलांचा उल्लेख, हे सगळं ॲक्रनच्या त्या स्त्रीहक्क परिषदेच्या अध्यक्ष फ्रान्सिस गेज यांनी १८६३ मध्ये, म्हणजे १२ वर्षांनी छापलेल्या पाठातलं. परिषदेचे सचिव मारियस रॉबिन्सन यांचा वृत्तान्त २१ जून १८५१ ला, महिन्याच्या आतच आला. त्यात हे पालुपद एकदाही नाही. ट्रुथ यांना मुलंही पाच होती.

हेलाची चूक जास्त खटकते. त्यांचा जन्म उत्तरेकडच्या न्यूयॉर्क राज्यातल्या अल्स्टर काउंटीत, गुलामीत. पहिली भाषा डच. नऊएक वर्षांच्या असताना मेंढ्यांच्या कळपासकट १०० डॉलरला विकल्या गेल्या, तेव्हा इंग्रजी येत नव्हतं. हुकूम कळला नाही की मार बसायचा.

प्रयोग करायचाच तर रॉबिन्सन यांचा पाठ घ्या. सावकाश म्हटला तरी पाचेक मिनिटांत संपतो, पण त्यात नांगरणी आहे, कापणी आहे, आणि पुरुषाची बुद्धी क्वार्टभर (म्हणजे दोन पाइंट), बाईची पाइंटभर असेल तर तिचा पाइंट तरी भरू द्या, हा झणझणीत युक्तिवाद आहे. गेज यांचं पालुपद हवंच असेल तर प्रश्नोत्तरांत, शाल उतरवून, स्वतःच्या आवाजात ते कुणाचं हे सांगा. भूमिकेत राहून सांगितलंत तर प्रेक्षक ते ट्रुथ यांचंच धरून जातात.