तिल्या तेपे : सोन्याआड राहिलेली माणसे

उत्तर अफगाणिस्तानात शिबरघान शहराजवळ असलेल्या तिल्या तेपे या टेकाडाचा विषय निघाला की चर्चा वीस हजारांहून अधिक सुवर्णवस्तूंपाशीच थांबते. १९७८-७९ मध्ये पुरातत्त्वज्ञ व्हिक्टर सारियानिदी यांच्या सोव्हिएत-अफगाण पथकाने त्या उजेडात आणल्या आणि पुढे युद्धाच्या धामधुमीत काबूलच्या संग्रहालयाच्या मोजक्या कर्मचाऱ्यांनी मौन पाळून त्या जपल्या, याबद्दल त्यांचे ऋण मानावे तेवढे थोडेच. तरीही या झगमगाटात तिथे पुरलेल्या माणसांकडे आपले दुर्लक्ष झाले, असे मला मनापासून वाटते.

मुळात हे टेकाड लोहयुगातील एका तटबंदीच्या वास्तूच्या अवशेषांचे आहे. ती ओस पडून शतके लोटल्यावर, इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमारास, स्तेपमधील, म्हणजे मध्य आशियाच्या गवताळ मैदानांतील, पशुपालकांच्या परंपरेतल्या कुणी तरी पाच स्त्रिया आणि एक पुरुष तिथे साध्या खड्ड्यांत पुरले. ते शक होते की युएझी (दोन्ही मध्य आशियातील भटके समूह), यावर अजून एकमत नाही.

भटक्या टोळ्यांनी केवळ लुटालूट केली, हे सरसकट विधान मला या कबरींपुढे टिकणारे वाटत नाही. सहाव्या कबरीतील स्त्रीचा मुकुट पाहावा : सोन्याच्या पट्टीवर पातळ पत्र्याची पाच झाडे, त्यांना लोंबणाऱ्या चकत्या, आणि ही झाडे नळ्यांत खोचून बसवलेली असल्यामुळे मुकुट सुटा करून सपाट ठेवता येतो. मुक्काम हलवत राहणाऱ्यांची गरज ज्याला नेमकी ठाऊक होती, अशाच कारागिराचे हे काम असणार. तिसऱ्या कबरीत चिनी आरसा आणि रोमन सम्राट टायबेरियसचे नाणे निघाले. चौथ्या कबरीतील पुरुषाजवळ घोड्याची कवटी होती, शिवाय चक्र फिरवणारी मानवाकृती आणि खरोष्ठी या वायव्य भारतातील प्राचीन लिपीतली अक्षरे असलेले भारतीय सुवर्णनाणेही. इकडे नाशिकच्या पांडवलेण्यांत लेणे कोरवून भिक्खूंना दान देणारा उषवदात, राजा नहपानाचा जावई, हा शकच होता; शकांनाही केवळ लुटारू म्हणता येत नाही, हे इथे आवर्जून सांगितले पाहिजे.

हजारो बारीक चकत्या कपड्यांवर शिवलेल्या होत्या. कापड कुजून गेले, तरी चकत्यांच्या रांगांवरून पोशाखाची ठेवण कळू शकली. म्हणूनच प्रदर्शनात कबरीचा आराखडाही वस्तूंइतकाच ठळक मांडला जावा, आणि कोणती चकती कुणाच्या खांद्यावर, कोणती कमरेशी होती, हे पाहणाऱ्याला तिथेच समजावे, असा माझा आग्रह आहे.