मुख्याध्यापकाला सोबत हवी: एका प्रतिक्रियेला उत्तर

सस्नेह नमस्कार सर,

अनुभवी मुख्याध्यापकाने शेजारच्या शाळेच्या मुख्याध्यापकाला सोबत करावी, असे मी मागील लेखात सुचवले होते. त्यावर 'मुख्याध्यापकाला मार्गदर्शक नको, कारकून द्या' असे आपण लिहिलेत. नेतृत्व अंगचेच असावे लागते, ते शिकवून येत नाही, शिवाय पोषण आहाराच्या नोंदी आणि यू-डायस या सरकारी प्रणालीत भरायची शाळेची माहिती यांतून मान वर काढायला सवड नसलेल्यांवर आणखी एक प्रशिक्षण लादणे अन्यायाचे आहे, असा आपला आक्षेप आहे.

कामाच्या बोज्याबद्दल आपण लिहिलेले सर्व मला मान्य आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषांनुसार पहिली ते पाचवीच्या शाळेचा पट १५० च्या वर असेल तरच स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतो; वाडीवस्तीवरच्या दोनशिक्षकी शाळेत तर ज्येष्ठ शिक्षकच आपले वर्ग सांभाळून पदभार वाहतो. त्याला कारकुनी मदत मिळायलाच हवी.

मात्र मी सुचवले ते प्रशिक्षण नव्हे. एका शाळेचा अनुभवी मुख्याध्यापक शेजारच्या शाळेत जातो आणि तिथल्या मुख्याध्यापकासह दुसरीच्या वर्गात मागे बसतो. पुढची चार मुले भराभर उत्तरे देत असतात आणि खिडकीपाशी बसलेली मुलगी शेजारणीने पान उलटले की आपले पान उलटते. पाहुणा तिथे काहीच बोलत नाही. नंतर व्हरांड्यात एवढेच विचारतो, की ती मुलगी वाचू शकते का, हे या शाळेत कोणाला ठाऊक आहे? आता ते कोणी तपासायचे, आणि वर्गशिक्षिकेला न दुखावता तिच्याशी हा विषय कसा काढायचा, हे त्या मुख्याध्यापकाला स्वतः ठरवावे लागते. नेतृत्व म्हणतात ते हेच, आणि ते सरावाने येते. आपल्या पहिल्या शाळेतील मोठ्या गुरुजींनी पालकसभेत कसे बोलावे हे जवळ बसवून सांगितले, असे आपणच लिहिले आहे. ते अंगचे असते तर गुरुजींना सांगावे लागले नसते.

लंडनमध्ये २००३ ते २०११ या काळात 'लंडन चॅलेंज' उपक्रमातून मागे पडलेल्या शाळांना चांगल्या चालणाऱ्या शाळांची जोड देण्यात आली. त्या काळात तिथले निकाल सुधारले. त्यातले किती श्रेय या उपक्रमाचे, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, म्हणून मी त्याचा जयघोष करणार नाही. आपल्याकडे साताऱ्यातील कुमठे बीटच्या, म्हणजे एका शाळासमूहाच्या, जिल्हा परिषद शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले, कारण दुसऱ्याच्या वर्गात बसून जे उमगते ते परिपत्रक वाचून उमगत नाही.

माझी खरी काळजी वेगळी आहे. हे काम आसपासच्या शाळांच्या गटावर (केंद्रावर) देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखांवर सोपवले, तर जो माणूस तपासणी करून शेरा लिहितो, त्याच्यापुढे 'मला हे जमत नाही' असे कोणता मुख्याध्यापक मोकळेपणाने म्हणेल? म्हणून सोबत करणाऱ्याकडे तपासणीचा अधिकार नसावा, त्याने कोणताही अहवाल वर पाठवू नये आणि त्याच्या भेटीचा एकही नवा तक्ता भरावा लागू नये, या अटींवर मी ठाम आहे. केंद्रातील शिक्षकांच्या बैठकीत, म्हणजे शिक्षण परिषदेत, सूचना वाचून दाखवण्यात जाणारा वेळ या भेटींना दिला, तर वेगळा दिवसही काढावा लागणार नाही.

आपण मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालात. आपल्या जुन्या केंद्रात नव्याने पदभार घेतलेल्या एखाद्या शिक्षकाकडे, त्याची तयारी असल्यास, आपण महिन्यातून एकदा जाल का?