जाहिरात आहे म्हणून काय झालं?
सुपर बोलच्या (अमेरिकन फुटबॉलची दरवर्षीची रविवारची फायनल) जाहिरातींना करमणूक म्हणू नका, ती शेवटी विक्रीच, असं लेखात म्हटलंय ते अर्धंच पटलं. विक्री कुठे नसते हो? ॲपलची 1984 ची जाहिरात घ्या, हॉलिवूड दिग्दर्शक रिडली स्कॉटने केलेली, हातोडा घेऊन धावत येणारी ती बाई, आणि गंमत म्हणजे त्यात मॅकिंटॉश कॉम्प्युटर दिसतच नाही, नाव येतं ते पण शेवटी, तरी लोक अजून ती शोधून बघतात. वॉशिंग पावडरची जाहिरात अशी कोण शोधतं (निरमा सोडून 😄)?

पण हल्ली मजा कमी झालीये हे खरं. 30 सेकंदांचे 70-80 लाख डॉलर मोजायचे म्हटल्यावर कंपन्या रिस्कच घेत नाहीत, दोन-तीन हॉलिवूड स्टार कोंबले, एक जुनं गाणं टाकलं, झालं. वर फोक्सवॅगनचा तो छोटा डार्थ व्हेडर (स्टार वॉर्सच्या व्हिलनच्या वेषातला पोरगा) 2011 ला मॅचच्या आधीच यूट्यूबवर हिट झाला तेव्हापासून सगळेच आधी टाकतात, मग रविवारी बघायला उरतं काय? त्यापेक्षा 2022 ला कॉइनबेस या क्रिप्टो कंपनीने मिनिटभर नुसता क्यूआर कोड स्क्रीनवर इकडून तिकडे फिरवत ठेवला ते मला जाम आवडलं, लोकांनी खरंच टीव्हीसमोर फोन धरले आणि साइट बसली!

आपल्याकडे 2009 च्या आयपीएलमध्ये व्होडाफोनचे झूझू होते, वाटायचं ॲनिमेशन पण आत खरी माणसं, ओव्हर कधी संपते असं व्हायचं. नंतर त्याच ब्रेकमध्ये फॅन्टसी ॲप आणि इलायचीवाले घुसले, ते आमच्याकडे म्यूटच.